नडगीचं दुखणं

संभाजी हवालदारांकडं सल्ला मागायला कुणाला वशिला लागत नसे. लोहगावात कुणाचं पोरगं फौजेत निवडलं गेलं की ट्रेनिंगला जायच्या आधीच्या रविवारी ते त्यांच्या अंगणात येऊन बसायचं, हा आता रिवाजच पडला होता. सतरा वर्षं पलटणीत काढलेला माणूस, त्यातली तीन वर्षं ट्रेनिंग सेंटरला उस्ताद म्हणून रंगरूट घडवण्यात गेलेली. आता मात्र खराडीच्या एका आयटी कंपनीच्या गेटवर सुपरवायझर होते. पंचविशीच्या पोरांच्या गाड्यांना दिवसभर सलाम ठोकून पोटात जे साचायचं, ते रविवारी अंगणात बाहेर पडायचं. पोरं चहा प्यायची, वहीत लिहून घ्यायची आणि दोन तास हवालदार पुन्हा हवालदार व्हायचे.

त्या रविवारी समोर बसला होता त्यांचा सख्खा पुतण्या, इंद्रजीत. धाकट्या भावाचा, धोंडिबाचा मुलगा. चौकात त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स झळकत होता आणि त्यावर अकरा शुभेच्छुकांचे फोटो होते, सगळे इंद्रजीतपेक्षा मोठे. इंद्रजीतच्या शेजारी मांडी घालून बसला होता ऋषी, हवालदारांचा स्वतःचा मुलगा. दोघं एकाच दिवशी एकाच गटात सोळाशे मीटर पळाले होते. इंद्रजीत आत आणि ऋषी चार सेकंदांनी बाहेर. चार सेकंद! शिंकायला तेवढा वेळ लागतो माणसाला. ऋषीला वयात बसणारी आता एकच भरती उरली होती, एप्रिलमधली.

"लिवून घे," हवालदार म्हणाले. "ट्रंक काळी, नाव पांढऱ्या रंगात. कुलपं दोन घे, एक हरवतंच. सुईदोरा घे, गुंडी तुटली म्हनून आई येनार न्हाई तिथं. तहान लागायच्या आधी पानी प्यायचं. ताट सात मिनिटांत मोकळं. उस्तादानं शिवी दिली तर मनाला लावून घ्यायची न्हाई. ती शिवी नसती, हजेरी असती."

पोरं हसली. हवालदारांना रंग चढला.

"लई पुढं पुढं करू नको आन् लई मागंबी राहू नको. मधल्या रांगेतलं पोरगं उस्तादाला दिसत न्हाई. पहिल्या आठवड्यात रडू येतं. खुशाल रड, चादर तोंडावर घेऊन रड, पन सकाळी दाढी करून उभा राहा. आन् घरी फोन केलास की जेवन चांगलं हाय म्हनायचं, कसलंबी असंना."

इथवर सगळं खरं होतं. खोटं कशाला बोला, इथवर त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं.

तेवढ्यात द्वारका पेढे घेऊन आली. द्वारका म्हणजे इंद्रजीतची आई, हवालदारांची धाकटी भावजय. तिनं सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला, ऋषीच्या हातावर दोन ठेवले आणि म्हणाली, "भाऊजी, ह्याला आता आमच्या गाळ्यावर पाठवा की. मार्केट यार्डात कांद्याच्या पोत्यांवर नजर ठेवायला घरचाच मानूस लागतोय ह्यांना. पळापळ करून सगळ्यांनाच थोडं जमतंय?"

वाईट मनानं बोलली का ती? देव जाणे. बाईला आनंद झाला होता आणि आनंदात माणसाची जीभ सैल सुटते. ऋषी कसंनुसं हसला आणि दोन्ही पेढे एकदम तोंडात कोंबले. ते हसणं हवालदारांना झोंबलं. ज्या भावानं आयुष्यात कधी घर सोडलं नाही, त्याच्या गाळ्यावर आपलं पोरगं पोती मोजणार आणि त्याचं पोरगं आपली वर्दी घालणार! त्यांनी हातावरचा पेढा तसाच बशीत ठेवून दिला.

पोरं उठल्यावर त्यांनी इंद्रजीतला मागं पाण्याच्या टाकीपाशी नेलं.

"एक गोष्ट राहिली. ही मी कुनाला सांगत न्हाई. तू घरचा हायस म्हनून."

"सांगा की, तात्या."

"तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखाय लागंल. सगळ्यांची दुखती. संध्याकाळच्या हजेरीला उस्ताद इचारतो, तकलीफ किसको है? तो सापळा असतो. हात वर केला की नावापुढं फुली, मंग बसलास घरी. तवा दुखणं दावायचं न्हाई. वर गच्च पट्टी बांधायची, सकाळी एक गोळी घ्यायची आन् पळायचं. हाड आपोआप घट्ट होतं."

आता हे नीट समजून घ्या. तीन वर्षं संध्याकाळच्या हजेरीला 'तकलीफ किसको है' असं विचारणारे उस्ताद हे स्वतःच होते. हात वर करणाऱ्या पोराला खाली बसवून त्याच्या नडगीवर अंगठा दाबून बघायचे ते, आणि लगेच दवाखान्यात धाडायचे. अशा पोराला दहा-बारा दिवस आराम मिळायचा आणि ते पुढं पास होऊन जायचं. ज्यानं लपवलं त्याच्या हाडाला आधी बारीक चीर जायची, मग एक दिवस पळता पळता ते मोडायचं आणि पोरगं काठी घेऊन गावाकडं. अशी पाच पोरं त्यांनी आपल्या हातानं गाडीत बसवली होती. म्हणजे काय करायचं ते ठाऊक असलेला माणूस होता हा, आणि त्यानं बरोबर उलटं सांगितलं.

इंद्रजीतनं वाकून पाय धरले. हवालदारांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि "यशस्वी हो" म्हणाले. जीभ जराही अडखळली नाही मेल्याची.

इंद्रजीत गेला आणि दुसऱ्याच दिवसापासून हवालदारांनी ऋषीला हातात घेतलं. सकाळी साडेपाचला शाळेमागचं मैदान. गळ्यात स्टॉपवॉच, तोंडात शिटी. पण पोराला सांगणं कसं, तर लोण्यासारखं. "दुखलं की थांबायचं. मला सांगायचं. दोन दिवस बुडले तरी बुडू दे. पाय जपायचा." ऋषी नुसती मान हलवायचा. आईला, हेमाला, वाटायचं की सैन्यातून आल्यावर हा माणूस पहिल्यांदाच पोराशी गोड बोलतोय.

आणि ऋषी पळत होता! बापाला न बोलता, न कुरकुरता. महिन्याभरात ते चार सेकंद भरून निघाले, पुढच्या पंधरवड्यात वर आणखी सहा कमावले. हवालदार गेटवर उभे असताना मनातल्या मनात त्याला वर्दीचं माप द्यायला लागले. एवढा तयारीचा उस्ताद, पण पोराच्या घड्याळाकडं बघत राहिला, पायाकडं बघितलंच नाही.

रविवारी दुपारी इंद्रजीतचा फोन यायचा. त्या वेळी हवालदार काही ना काही निमित्त काढून भावाकडं जाऊन बसायचे आणि फोन हातात आला की पहिला प्रश्न, "पाय कसं हायेत रं?" द्वारका कौतुकानं म्हणायची, "चुलता असावा तर असा. बापानं एकदा इचारलं न्हाई."

चौथ्या रविवारी इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला, "जरा ठणकतंय, तात्या." त्या दिवशी हवालदार घरी येऊन एक भाकरी जास्त जेवले. लाज वाटली का? वाटली, नाही असं नाही. पण जेवले. पुढं दोन रविवार इंद्रजीतचा फोनच आला नाही. हवालदारांनी ओळखलं, पोरगं दवाखान्यात पडलंय. आता कधी काठी टेकत येतंय, तेवढंच बघायचं राहिलं होतं.

भरतीला आठ दिवस होते. शनिवारची सकाळ. मैदानावर तिसऱ्या फेरीला ऋषी सगळ्या पोरांच्या पुढं होता. हवालदारांनी घड्याळ बघितलं आणि त्यांच्या तोंडून आपोआप "शाब्बास रे वाघा!" निघालं. तेवढ्यात सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. ऋषी दोन पावलं एका पायावर उडाला आणि तोंडावर आपटला.

हवालदार धावले. पोराची ट्रॅक पँट वर सारली तर खाली गच्च पट्टी बांधलेली. खिशातून गोळ्यांचं पाकीट बाहेर पडलं, दहापैकी आठ गोळ्या संपलेल्या. ती पट्टी आणि त्या गोळ्या बघून हवालदारांच्या तोंडचं पाणी पळालं. पण तेव्हा बोलायला वेळ कुठं होता? पोरांनी रिक्षा आणली.

खराडीच्या रस्त्यावरच्या एका खाजगी दवाखान्यात त्याच दुपारी पायात सळी घातली. डॉक्टर पुण्याच्या पेठेतले, तोंडानं गोड आणि शब्दानं तिखट. क्ष-किरणाचा फोटो उजेडाला धरून म्हणाले, "हे आजचं नाही हो. निदान तीन आठवडे हा मुलगा चिरलेल्या हाडावर पळतोय. आपण सैन्यात उस्ताद होतात म्हणे? मग नडगीवर अंगठा कसा दाबून बघतात ते आपल्याला मी काय सांगणार! असो. वर्षभर पळणं बंद. भरतीचा विषय संपला."

हेमा तिथंच खुर्चीवर बसून रडली. हवालदार उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी भेटायच्या वेळेला द्वारका डबा घेऊन आली. वरणभात कालवून तिनं ऋषीला स्वतःच्या हातानं भरवला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. इंद्रजीत. हात खरकटे म्हणून तिनं कोपरानं स्पीकर चालू केला.

"आई, तात्या हायेत का गं तिथं? तात्या, माफी करा मला."

"काय झालं रे?" हेमानं विचारलं.

"तात्यांनी नडगीचं सांगितलं व्हतं, ते मला न्हाई जमलं. पाच दिवस दुखणं लपवलं, मंग हजेरीला हात वर केला. उस्तादानं दहा दिवस दवाखान्यात ठेवलं, तिथं फोन न्हवता. पन आता बरं हाय. काल रनिंगला चौथा आलो. तात्या, तुमच्याएवढा दम न्हाई हो माझ्यात."

फोन कट झाला. तिथं फोनला मागं पोरांची रांग लागलेली असायची.

द्वारकेनं हात पुसले. "काय सांगितलं व्हतं ओ भाऊजी तुमी त्याला?"

उत्तर दिलं ऋषीनं, पडल्या पडल्या, छताकडं बघत.

"खरी ट्रिक. दुखणं दाबून पळायची. पप्पांनी ती फक्त इंद्राला सांगितली. टाकीपाशी नेऊन. इंद्रानं त्याच संध्याकाळी मला सांगितलं. म्हनला, तात्या बोललेत कुनाला सांगू नको, पन तू काय कुनी परका हायस? मला पप्पा रोज म्हनायचे, दुखलं की थांब, पाय जप. तवाच कळलं मला. इंद्राला फौजेतलं खरं सांगितलं आन् मला लहान पोरासारखं गोंजारलं. म्हनून मी ठरवलं, ट्रिक मीपन करून दाखवनार. भरती झाली की पप्पांना सांगनार."

हेमा नवऱ्याकडं बघायला लागली. "खरं हाय का हे? ह्याला वेगळं आन् त्याला वेगळं का सांगितलं तुमी?"

सांगायला एकच वाक्य होतं. इंद्राला मी मुद्दाम खोटं सांगितलं, तुला खरं सांगितलं होतं, लेकरा. तेवढं बोलले असते तर त्या पोराला निदान एवढं कळलं असतं की आपला बाप आपल्याला हलका समजत नव्हता. पण समोर द्वारका उभी होती, हातात रिकामा डबा घेऊन. तिला काय कळलं असतं? की चुलत्यानं तिच्या पोराचा पाय मोडायला बघितला. संध्याकाळपर्यंत धोंडिबाला कळलं असतं, रात्रीपर्यंत गावाला. मग अंगणात कोण येऊन बसणार होतं वही घेऊन?

हवालदारांनी छाती पुढं काढली. गेटवर काढतात तशी.

"इंद्राच्यात दम व्हता म्हनून त्याला सांगितलं," ते म्हणाले. "तुझ्यात न्हाई, हे मला पयल्यापासून ठाऊक व्हतं. तुला झेपनार नव्हतं. झेपलं न्हाईच."

द्वारकेनं मान हलवली. "मानूस बघून सांगावं लागतंच की, बाई," ती हेमाला म्हणाली. तिला भाऊजींचं म्हणणं पटलं होतं. वर आणखी म्हणाली, "नीट बरा हो रं बाबा. गाळा कुठं पळून जातोय."

हेमानं पोराच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली.

ऋषी रडला नाही. ज्याची शंका होती ते पक्कं कळल्यावर माणूस शांत होतो, तसा तो शांत झाला होता. त्यानं बापाकडं मान वळवली. हवालदारांना वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"हे आधीच सांगायचं की पप्पा," तो म्हणाला. "मी पळलोच नसतो."