बाबांचा नवा डोळा

अरे ऐका ना, काल काय झालं! माझे बाबा रंगारी, मी त्यांच्या हाताखाली, हे तुम्हाला माहितीच आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी एकच धोशा लावलेला, "डॉक्टरीणबाईंनी डोळा बिघडवला. सगळं निळसर दिसतंय. आता धंदा बंद!" ब्रशला हात लावेनात. माझा जीव टांगणीला. मला अजून धड रंग कालवता येत नाही, शिकवणार कोण?

म्हणून काल ओढतच नेलं त्यांना समुद्रावर, त्या कड्यांखाली. ओहोटी होती. आणि वर तो कडा, काय सांगू, थरावर थर! विटकरी, शेवाळी, जांभळट, मध्येच एक पांढराशुभ्र पट्टा. मी आ वासून बघतेय आणि बाबा खाली मान घालून शिंपले तुडवतायत.

"बघा तरी, बाबा!"

"काय बघू? निळंच दिसणार."

पण रंगारीच तो, राहवतंय होय? बघितलं वर. मग एक डोळा झाकला. मग दुसरा. परत पहिला.

"अगं, तो मधला पट्टा कसा आहे? सायीसारखा पिवळट ना?"

"छे! दुधासारखा पांढरा."

बाबा मटकन दगडावरच बसले. "नवा डोळा पांढराच म्हणतोय. जुना म्हणतोय पिवळा. म्हणजे खोटारडा जुना?"

आम्ही पांढऱ्यात चिमूटभर नीळ घालतो ना, पिवळेपणा मारायला? मोतीबिंदूमुळे बाबांना पांढरा पिवळाच दिसायचा, म्हणून चिमटीची मूठ झालेली!

"मागे ज्यांचं घर पांढरं रंगवलं, त्या शिक्षिकाबाई ओरडल्या होत्या, हे घर आहे की आकाश! आणि मी त्यांनाच म्हटलं, चष्मा बदला!"

मला हसू आवरेना. मग तेही हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चोळू नका हं!"

मग जे निघालेत! प्रत्येक थराला हात लावून, "ह्यात तांबडी काव जास्त. हा जांभळा कसा कालवशील? सांग, सांग!" लाट बुटात शिरली तरी पत्ता नाही. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरीणबाईंना हात जोडले, कड्यालाही जोडले.

आज सकाळी बघते तर शिडी टेंपोत चढलेली. शिक्षिकाबाईंचं घर पुन्हा रंगवायचं, तेही फुकट! आणि मला उठायला उशीर झाला म्हणून बाबांच्या शिव्या. खरं सांगते, शिव्या खाऊन इतकं बरं कधी वाटलं नव्हतं!