कानात ओवलेली लाल लोकर

मी लाल लोकर बोलतेय. लोकर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर स्वेटर येणार. मी कुणाचा स्वेटर झाले नाही आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही. मी जनावराच्या कानातला गोंडा आहे. आमच्या पठारावर कार्निव्हलचा सण आला की कळपातल्या लामांच्या, म्हणजे उंटाच्या जातीच्या लोकरी जनावरांच्या, कानाला दाभणानं भोक पाडतात आणि त्यात गोंडा ओवतात. गोंडा असलेलं जनावर धरणीमातेच्या ओळखीचं. नसलेलं बेवारशी, त्याच्यावर तिची नजर राहत नाही, अशी आमची रीत.

कळपाची धनीण बासिलिया, तिनं मला चातीवर कातलं, रंगवलं, वळून गोंडा केला. मग ती देवाघरी गेली. पाठोपाठ पाऊस फिरकेनासा झाला, कुरण करपलं आणि एकेक करून अख्खा कळप आडवा झाला. कार्निव्हल आला तेव्हा मला ओवायला एक कानसुद्धा उरला नव्हता.

तिचा नवरा सेव्हेरो, जन्मभर लामा राखलेला म्हातारा, शहरात एल आल्तोला लेकीकडे आला. डोक्यावर टोपी, कमरेला गोफण आणि खिशात मी. बाकी काही नाही.

लेक हिलारिया बाजारात मक्याचं गरम पेय विकायची. पहाटे जायची, दुपार कलल्यावर यायची. निघताना म्हाताऱ्याला बाकावर जसा बसवून जायची, तसाच तो आल्यावर सापडायचा. पुढ्यातलं सूप थंडगार, वर सायीसारखी चरबी धरलेली.

“बाबा, असं करून तुम्ही मरणार,” ती म्हणायची.

म्हातारा नाही म्हणायचा नाही.

मक्याच्या पोत्यांवर उंदीर पडायचे म्हणून हिलारियानं दोन मांजरं पाळली होती. काळा बोका चुन्यो, वाळवलेल्या काळ्या बटाट्यासारखा. आणि पावाच्या रंगाची मांजरी, तांता. एकदा म्हाताऱ्याच्या गोफणीचं टोक बाकावरून लोंबत होतं. तांतानं त्याला फटका मारला. म्हाताऱ्यानं नकळत टोक ओढलं. तिनं पुन्हा मारला. मग कितीतरी महिन्यांनी म्हातारा आपणहून काहीतरी करायला उठला: त्यानं खिशातून मला काढलं आणि गोफणीच्या टोकाला बांधलं.

त्या दिवसापासून मी जगले! फरशीवरून सरपटत, पोत्यांमागे दडत, मध्येच झटकन उसळत. दोन्ही मांजरं ढुंगण हलवत टपायची आणि झेपावायची. तांता हलकी, ती मला हवेतच झेलायची. चुन्यो जड, पण एकदा दात रुतले की सोडायचा नाही. म्हातारा लामांना घालायचा तसली शीळ घालत खोलीभर मागेपुढे धावायचा. सूप संपायला लागलं. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागला.

“मी हाक मारली की तुमचे गुडघे दुखतात,” हिलारिया दारातूनच टोमणा मारायची, “आणि मांजरांपुढे बघा कशा उड्या चालल्यात!”

“तुला शेपटी आहे का?” म्हातारा म्हणायचा.

ती हसत पाठ फिरवायची आणि शालीच्या टोकानं डोळे पुसायची. मी पाहिलंय ते. माणसांना रडताना कुणी पाहू नये असं वाटतं, पण खोलीतल्या वस्तूंना ती मोजत नाहीत.

मग कार्निव्हलचा मंगळवार आला. घरादाराला कागदी फिती लागल्या, कोपऱ्याकोपऱ्यात धरणीमातेला दारू शिंपडून झाली, बाहेर फटाके फुटत होते. म्हाताऱ्यानं मला गोफणीवरून सोडलं आणि म्हणाला, “पोरी, दाभण आण.”

“कशाला?”

“जनावरांना गोंडा ओवायचाय.”

“अहो बाबा, मांजरं आहेत ती! लामा नव्हेत.”

“या घरात दुसरं चार पायांचं कोण आहे? मागच्या खेपेला कानाविना राहिला गोंडा. घर कसं ओस पडलं पाहिलंस ना? पुन्हा बिनगोंड्याचं घर मला बघायचं नाही.”

शहरात आल्यापासून बापानं पहिल्यांदा काही मागितलं होतं. हिलारियानं दाभण आणलं, दारूनं पुसलं. कळपात माद्यांचा मान पहिला, म्हणून तांताला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं. ती एकदाच ओरडली. म्हाताऱ्याचा हात सफाईचा होता. मी कानात बसले. म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर रंगीत कागदाचे कपटे टाकले, आशीर्वाद पुटपुटला आणि तिला खाली सोडलं.

तांतानं डोकं झटकलं. मी हलले.

पोत्यांवर बसलेला चुन्यो ढुंगण हलवायला लागला.

पहिल्या झेपेला बापलेक दोघंही हसली हो! म्हाताऱ्यानं तर शीळ घातली. खेळच वाटला त्यांना. तांता पळाली, मी तिच्या कानाशी नाचत राहिले, आणि मी जितकी नाचेन तितका तो चेकाळत गेला. रोज त्याला हेच तर शिकवलं होतं. गोफणीचं टोक सोडून पळता येतं. स्वतःच्या कानापासून पळून ती जाणार कुठे? पोत्यांमागे गेली, तिथं तो. बाकाखाली गेली, तिथंही तो. त्याचे दात माझ्यात रुतले, हिसका बसला आणि रक्त माझ्यावरून ओघळलं.

“बाबा, धरा त्याला!” हिलारिया किंचाळली.

म्हातारा धावला, फितींत पाय अडकून पडला. तांता खिडकीतून बाहेर, पत्र्यावर, पत्र्याच्या कडेवरून खाली रस्त्यावर. खाली सणाला सजवलेली मिनीबस येत होती.

म्हातारा धावत खाली आला तेव्हा ड्रायव्हर उतरून, टोपी काढून उभा होता. “तुमचं होतं का, आजोबा? देवाशप्पथ, आपणहून चाकाखाली आलं.”

“माझंच,” म्हातारा म्हणाला. गुडघ्यावर बसून त्यानं चाकूनं मला कानातून मोकळं केलं. कान अजून गरम होता.

आम्ही वर आलो तोवर हिलारियानं चुन्योला पोत्यात कोंबलं होतं. “ह्या खुन्याला आत्ताच्या आत्ता लांब सोडून येते!”

“सोड त्याला. त्यानं काय केलं?” म्हातारा म्हणाला. “शिकवलं ते केलं.”

त्यानंतर तो बोललेला मी ऐकला नाही.

आता मी त्याच्या खिशात असते. वाळलेल्या रक्तानं कडक झालेय. कुणी मला धुतलं नाही. सूप पुन्हा थंड होतं. हिलारिया चमचा भरवते, तो तोंड उघडतो, सूप हनुवटीवरून गळतं. लोक म्हणतात, वय झालं. वय काय डोंबल! कालपरवापर्यंत उड्या मारत होता तो माणूस.

हिलारिये, बाई, ऐकतेस का? चांगल्या माणसानं चांगल्या मनानं केलं म्हणून जनावराचं रक्त कमी सांडत नाही. ज्यामागं धावायला शिकवलं, ते कुणाच्या अंगावर घालू नये. मला खिशातून काढ आणि चुलीत टाक. लोकर जळताना घाण वास येतो, येऊ दे. बापाच्या मांडीवर बोका ठेव आणि दुसरं काहीतरी दे त्याच्या हातात, नुसती सुतळी दे.

पण तिला वाटतं, बापाला माझा आधार आहे. ती हात लावत नाही. चुन्यो रोज बाकासमोर येऊन बसतो आणि खिशातून डोकावणारं माझं टोक न्याहाळतो. हळूहळू त्याचं ढुंगण हलायला लागतं. म्हातारा ते बघतो आणि डोळे मिटून घेतो.