तडा समजून बुजवलेली गिटार

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात खिळ्याला टांगलेली असते. समोर रांगेने गणपती बसलेले असतात. त्यांना दरवर्षी घर मिळतं, मी आपली तिथेच.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. कोणालाच आपला जन्म आठवत नसतो, म्हणून मी ते मनाला लावून घेतलेलं नाही. रोह्याच्या एका ऑर्केस्ट्रात माझी उमेदीची वर्षं गेली. नव्वद सालानंतर तो मोडला आणि मी जगनकडे आले. जगन या कारखान्यात मूर्ती रंगवतो. रंगाचे हात धुतल्याशिवाय त्याने मला कधी उचललं नाही.

मित्रांनो, माझ्या तारांखाली तीन चपट्या पट्ट्या आहेत. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाएवढी तांब्याची तार. त्यांना पिकअप म्हणतात. तारांचा आवाज त्या उचलतात आणि स्पीकरकडे पाठवतात. खालची पट्टी तिखट बोलते, वरची घोगरं, मधली मध्यम. अंगावरच्या एका खाचेत छोटी दांडी आहे. ती सरकवली की एक पट्टी बोलते आणि दोघी गप्प बसतात. घरात तीन जावा असाव्यात आणि बोलायची पाळी एकीचीच, तसा माझा संसार होता.

जगनच्या बहिणीचं, नमिताचं लग्न ठरलं. "दादा, माझ्या हळदीला तूच वाजवायचंस," ती म्हणाली. जगन हो म्हणाला. पण खाडीकाठच्या त्यांच्या गावात लग्नाची जुनी गाणी, म्हणजे धवले, गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि धवले गाणारी धवलारीण होती सगुणाआजी. हळदीच्या आदल्या सकाळी तिने मला ऐकायला मागितलं.

जगनने खालची पट्टी लावली.

"कोयता घासतंय कोनीतरी," सगुणाआजी म्हणाली.

वरची लावली.

"ही तं रांजनात म्हैस वरडली."

मधली लावली.

"ही बरी हाय. पन हिच्यात मना माझाच शबूद ऐकू येत नाय. जगन, उद्या ही गायली तं मी गानार नाय. कोनाच्या तोंडानं हळद लावायची त्या तुमी ठरवा."

 नमिताने जगनकडे पाहिलं. ते पाहणं जगन दिवसभर कारखान्यात घेऊन फिरला आणि शेवटी मला खिळ्याला टांगून घरी गेला.

मागे राहिला केरू. मूर्तीला कुठे तडा दिसला की ओली शाडू भरायची आणि पाण्याच्या ब्रशने गुळगुळीत करायचं, हे त्याचं काम. जाता जाता त्याची नजर माझ्यावर गेली. माझी दांडीची खाच त्याला सरळ, लांब तडा वाटली. तड्यात दांडी सरकवायची असते हे गणपतींनी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याने अंगठ्याने शाडू दाबली, तशी दांडी सरकून दोन जागांच्या मधोमध अडकली. वरून त्याने ब्रश फिरवला. काम चोख होतं. चैत्राच्या उन्हाने दुसऱ्या दिवशी शाडू दगड झाली.

हळदीच्या मांडवात जगनने मला स्पीकरला जोडलं. दांडी हलेना. त्याने खाचेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा शाडूसारखाच झाला.

"काय झाला रं?" सगुणाआजीने हाताची घडी घालूनच विचारलं.

"केरूकाकानं बुजवली, आजी."

"बरा केलान."

वाटीतली हळद वाट पाहत होती, पाटावर नमिताही. जगनने डोळे मिटून तार छेडली. आणि मित्रांनो, माझ्या दोन पट्ट्या जन्मात पहिल्यांदा एकदम बोलल्या. तिखटही नाही, घोगराही नाही. भरतीचं पाणी खाजणात शिरावं तसा आवाज, भरलेला आणि तरी आतून मोकळा. त्यात आणखी एक आवाज मावेल एवढी जागा होती.

सगुणाआजीने घडी सोडली. "ही कोन?"

"तीच, आजी."

"ती नव्हं. तिची भन असंल. हिला बसव माझ्या बाजूला."

आणि तिने धवला उचलला. जगन तिच्या मागोमाग वाजवत गेला. नमिता काळजीने हळदीआधीच पिवळी झाली होती, ती आता हसली.

पुढे शाडू झडली, दांडी सुटली आणि तो आवाजही गेला. जगन मला रोह्याच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या नाथाकडे घेऊन गेला. त्याने पाच जागांची दांडी बसवली. दोन पट्ट्या एकत्र बोलण्याची सोय असलेली दांडी बाजारात कधीचीच मिळत होती. केरूला हे सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "माझा काम बघूनच केली असंल."

आता जगनला मोसमात वेळ मिळत नाही. माझ्या तारांना गंज चढतो, पट्ट्यांवर धूळ बसते. परवा केरू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला आता कमी दिसतं. हातात ओला गोळा होता.

"केरूकाका, तो तडा नाय," जगन लांबून म्हणाला.

"म्हायती हाय." त्याने गोळा खाली ठेवला, धोतराला हात पुसले आणि सोग्याने माझी खाच हळूहळू साफ केली. मग दांडी दोन पट्ट्यांच्या मधल्या जागी सरकवून ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीवर कोणी टांगलेलं असेल, तर त्याच्यासाठी एवढंच करा.