माझ्यासमोरची मोकळी जागा

मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे, मित्रांनो. पण घाबरू नका, खुशाल हात लावा. फार तर बोट कॉम्प्युटरच्या काचेवर आपटेल! इमारतींचे नकाशे बनवणाऱ्या प्रोग्रामात माझं बिऱ्हाड आहे. खरी इमारत बांधण्याआधी ती इथे उभी राहते, भिंती, नळ, तारा सगळ्यांसकट. म्हणजे कोण कोणाच्या अंगावर येतंय ते आधीच कळतं.

मला घडवलं इथे नकाशे काढणाऱ्या ताईने. सुरुवातीला मी नुसतं खोकं होतो, आत ठणठणगोपाळ. मग बाहेरून येणारी वीज किती दांडगी आणि घरात सोडायची किती मवाळ, ते तिने माझ्या डोक्यात भरलं. शेवटी माझ्यासमोर एक आरपार दिसणारा डबा काढला. आत काय? हवा! दुरुस्तीला येणाऱ्या माणसाची उभं राहायची जागा ती. तिथे कुणी घुसलं की डबा आणि मी, दोघे लालबुंद. मग पाइप असो की खांब, भलेभले मागे सरायचे. काय रुबाब होता माझा!

पुढे एका नव्या बाजाराच्या इमारतीत ताईने मला बसवलं. ती बांधून झाली की तिथली वायरमनची नोकरी तिच्या थोरल्या भावालाच मिळणार होती. एकदा तो तिला न्यायला ऑफिसात आला आणि पडद्यात डोकावला.

"छोटे, हा ठोंब्या कोण?"

"तुझा शेजारी. आणि हा समोरचा डबा म्हणजे तू."

"मी एवढा चौकोनी?"

"पोट धरून मोजलंय, दादा."

दोघे खो खो हसले. मलाही हसायचं होतं, पण सोय नाही.

मग ताईच्या साहेबांना शेजारचं दुकान मोठं हवं झालं. भिंत माझ्याकडे सरकली, थेट डब्यात घुसली. मी लाल! नेमका तेव्हाच इमारतीचा मालक बघायला आला.

"अहो मॅडम, ते लाल आधी लपवा. मालक बिथरतील."

"पण साहेब, ती भिंत..."

"नंतर बघू हो! लपवा."

ताईने डबा लपवला. मालक खूश होऊन गेला, पण डबा परत दाखवायचा राहूनच गेला. आमचा प्रोग्राम फार आज्ञाधारक. लपवलेलं तो तपासतच नाही. शेवटची तपासणी झाली, सगळं हिरवंगार. साहेबांनी ताईची पाठ थोपटली. आणि मी? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! लाल होणं एवढीच माझी बोली, तीच बंद केलेली.

इमारत झाली. त्या खोलीत माझा खराखुरा, लोखंडी भाऊ बसला. एका दुपारी दादा त्याच्यासमोर काम करत असताना ठिणगी उडाली. दादा मागे उडी मारायला गेला, तर पाठीला भिंत! हात भाजला, कोपरापर्यंत.

पट्टी बांधलेला हात घेऊन तो ऑफिसात आला, तेव्हा ताईने मला उघडलं. डबा दाखवला. अर्धा भिंतीत, लाल.

"दादा, तू होतास रे इथे. मीच तुला लपवलं."

"रडू नको गं. डावा आहे. जेवायचा शाबूत आहे."

ती हसली नाही. तिने माउसने भिंत मागे ओढली, एका झटक्यात. मी पुन्हा स्वच्छ झालो. पण ती पडद्यावरची भिंत. तिकडची विटांची आहे, तिच्यापलीकडे दुकान भरलंय, आणि दुकानदार वीतभर हलायला तयार नाही. ताई साहेबांना रोज विनवते. दादा रोज तिथे तिरका उभा राहून काम करतो, खांदा भिंतीला घासत.

मित्रांनो, चांगलं दिसावं म्हणून कुणाचं कुरकुरणं झाकू नका. आधी विचारा, इथे माणूस कुठे उभा राहणार? मला ओरडता येत नाही. मी फक्त लाल होऊ शकतो, तेही तुम्ही होऊ दिलं तर.