पाहुणे आले की गळणारा नळ

या घरात पाहुणे आले की नळ गळायचा. म्हणजे बाबा तसं म्हणायचे. जिन्यात आवाज आले रे आले की पाना घेऊन स्वारी न्हाणीघरात गडप! आई दारावर थापा मारून, हाताला धरून त्यांना बाहेर आणायची. "माणसांत बसा जरा, कुणी खात नाही तुम्हाला!" मग ते खुर्चीच्या कडेवर टेकून तोंडदेखलं हसायचे आणि पाहुणे गेल्यावर अंथरुणात पडून राहायचे. याची घरभर थट्टा व्हायची. बाबा गेले, थट्टा तेवढी उरली.

धाकट्या लेकीनं मात्र पळ काढला नाही. हॉटेलच्या स्वागतकक्षात तिनं वर्षानुवर्षं हसून काढली. कुणाकडे किती वेळ बघायचं, कुठल्या विनोदाला किती हसायचं, सगळं इतरांचं बघून पाठ केलेलं. लोक म्हणायचे, काय लाघवी बाई! एक दिवस गिऱ्हाईकासमोर तिची वाचाच बसली. खोलीची किल्ली हातात आणि तोंडातून शब्द फुटेना. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. तो लपवून लपवून ही पार गळून गेली आहे. हिला शांतता द्या, बोलायला लावू नका.

आईनं मान डोलावली, पण पटलं कुठे? "चार माणसांत बसलीस की बरं वाटेल," हे पालुपद चालूच. आज तर आत्या सगळा गोतावळा घेऊन थडकली.

"फक्त पाच मिनिटं ये गं," आई अजिजीनं म्हणाली.

धाकटी उठली, बैठकीच्या दारापर्यंत गेली. आतला कलकलाट अंगावर आला. ती वळली, न्हाणीघरात शिरली आणि कडी लावून पालथ्या बादलीवर बसली. मागोमाग आईची पावलं आली. आता थाप पडणार म्हणून तिनं कान गच्च दाबले.

"वहिनी, कुठे राहिली आमची भाची?" आत्याचा आवाज तेवढ्यातूनही आलाच.

थाप पडली नाही.

"ती नाही येणार, वन्सं," आई म्हणाली. "नळ गळतोय."

बाहेर एकच हशा पिकला. "बापाच्या वळणावर गेली गं बाई!" आत्या म्हणाली. आईचं हसणं काही त्यात ऐकू आलं नाही.

सगळे गेल्यावर आई दाराबाहेर फरशीवर येऊन बसली.

"लहानपणी तुला तेवढं आत घ्यायचे ते. खरं सांग, नळ गळायचा का गं?"

धाकटीला बाबा दिसले. पाना मांडीवर, डोळे मिटलेले आणि नळ कोरडा ठणठणीत. त्यांना कुणी डॉक्टरीणबाई भेटल्याच नाहीत. तिला भडभडून आलं. कितीतरी दिवसांनी तिनं तोंड उघडलं.

"नाही."

आईला हुंदका फुटला.

"दर वेळी ओढून काढलं गं मी त्यांना. दर वेळी."

धाकटीनं हात लांबवून कडी काढली. आईनं दार ढकललं नाही.

"बस तू," ती म्हणाली. "मी आहे इथं बाहेर."