वेशीवरची कात्री

ओकसे खाटकाला माथ्यावर बुचडा बांधायची मुभा मिळाली ती चाळिशीत. तोवर खाटकाने केस मागे बांधायचे, वर गवती टोपी घालायची आणि मालकांच्या शेंबड्या पोराने "ए ओकसे" म्हटलं तरी कमरेत वाकायचं. मग राजधानी सोलहून हुकूम आला, की यापुढे उच्चनीच काही नाही. त्या दिवशी सोबुनने नवऱ्याचे केस विंचरून असे आवळले, की त्याच्या भुवया वर चढल्या.

"अहो, दुखतंय का?"

"दुखू दे. अजून आवळ."

वर्ष उलटायच्या आत दुसरा हुकूम आला. सगळ्यांनी बुचडे कापायचे. सोलहून प्यो नावाचा पोलीस अधिकारी आला आणि वेशीवर ठाण मांडून बसला. पण आईबापांनी दिलेल्या केसांना कात्री लावायला गावात कुणी तयार होईना. प्योने ओकसेला बोलावलं आणि सरकारी कात्री त्याच्या हातात ठेवली.

"जपान्यांनी केस कापले आणि त्यांच्याकडे आगबोटी आल्या."

"आपल्याकडे कधी येणार, साहेब?"

"आधी डोकी तर उरकू. तुझं सगळ्यांत शेवटी. तोवर तुझा बुचडा शाबूत."

सोबुनने रात्रभर डोकेफोड केली. "हे लोक पोलिसांना विसरतील. तुम्हाला नाही विसरायचे."

"जन्मभर मी वाकलो. चार दिवस त्यांना वाकू दे."

रोज ती वेशीवर त्याच्यासाठी गरम रस्सा न्यायची. शिपाई माणसाचे हात पिरगाळायचे, ओकसे मानेवर गुडघा द्यायचा. गावातले वयोवृद्ध विद्वान होंग यांना आणलं, तेव्हा ते ओरडले, "मान उडव! केस नको!"

"मानेचा हुकूम नाही, आजोबा," ओकसे म्हणाला.

खाटकाच्या तोंडून 'मालक' नाही, 'आजोबा'! भोवतालचे लोक गारठले. ओकसेने मुद्दाम हळूहळू, ठिकठिकाणी खुंट ठेवत कापलं. सोबुनला हसू आलं. ते तिने बाहीआड लपवलं. सकाळी होंग परसातल्या झाडाला लटकलेले सापडले.

मग एक दिवस बातमी आली. राजा रशियन वकिलातीत लपला, केस कापवणारे मंत्री भर रस्त्यात ठेचले गेले. प्यो घोड्यावर बसून पसार झाला. ओकसेला सांगून जावं, असं काही त्याला सुचलं नाही. डोंगरातून केसकापणीविरुद्ध उठलेले बंडखोर उतरले. त्यांचा म्होरक्या होंगांचा मुलगा. वेशीच्या आतल्या पुरुषांत बुचडा उरला होता तो फक्त खाटकाच्या डोक्यावर.

होंगांचा मुलगा दारात आला. आवाज शांत होता. "ओकसे, आम्ही उद्या लढाईला निघतोय. पोरांना मांस हवं."

ओकसेने दिवसभर बैल पाडले. सासू चूल फुंकत होती, सोबुन आतडी धूत होती. "मांस चांगलं निघालं तर सोडतील," तो तिच्या कानाशी म्हणाला. चरबीचा कणही वाया जाऊ दिला नाही त्याने. बंडखोर पोटभर जेवले. होंगांचा मुलगाही जेवला. त्याने तोंड पुसलं.

"हात चांगला आहे तुझा," तो म्हणाला. मग सोबुनकडे वळला. "बुचडा धर त्याचा. मान सरळ राहू दे."

तिने नाही म्हटलं, तेव्हा त्याने तिच्या सासूला पुढे ओढायला सांगितलं. मग तिने धरला. कुऱ्हाड ओकसेचीच होती. तिने तोंड फिरवलं, पण हातात एकदम आलेलं वजन काही चुकवता आलं नाही.

भातलावणीच्या सुमारास सरकारी फौजेने बंडखोरांना पिटाळलं. फौजेबरोबर प्यो परत आला. तब्येत सुधारली होती त्याची.

"ओकसे कुठाय?" त्याने दारातून सोबुनला विचारलं.

"मारला त्याला."

"अरेरे," प्यो म्हणाला. "कात्री तरी आहे का? सरकारी होती."

"नाही."

तो चुकचुकला. कात्रीसाठी. मग मागच्या गोठ्यात नजर टाकली. "बैल कोण कापतं आता?"

"मी."

"छान. संध्याकाळी शिपायांना जेवायला घालायचंय. काळीज माझ्यासाठी वेगळं काढ."

"जी, साहेब," सोबुन म्हणाली आणि बैल सोडायला गेली.