मैदानाकडे पाठ

“कोच, खूण करा! कुठली मांडणी लावायची?” मैदानातून मार्सेलस ओरडला.

मार्सेलस ओडम हा बचावफळीचा कप्तान. त्याची सगळी पोरं कोचच्या हाताकडे डोळे लावून उभी, आणि कोच वेंडेल टीटजेन मैदानाकडे पाठ करून प्रेक्षकांत बघत होता. तिसऱ्या रांगेत लाल घोंगडी होती. घोंगडीत त्याची बायको व्हर्लीन नव्हती.

आता गंमत बघा. ह्या खेळाला म्हणायचं फुटबॉल, आणि चेंडू पायाला लागणार क्वचित. काखोटीला मारून पळायचं नि समोरच्यांनी अडवायचं. अमेरिकेत, आयोवातल्या त्या एवढ्याशा कॉलेजात अडवायला शिकवण्यात वेंडेलचा जन्म गेला. मुख्य कोचची जागा कितीदा रिकामी झाली, दर वेळी बाहेरच्याला मिळाली. बस चालवायला, मैदानावर पांढऱ्या रेघा मारायला, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायला मात्र वेंडेल. आणि पोरांचे मळके कपडे धुवायला व्हर्लीन, कारण कॉलेजला वेगळा माणूस परवडत नव्हता. “तुझ्या पोरांना माती भारी आवडते रे बाबा,” म्हणत ती हसायची.

मग तिला माणसं ओळखू येईनाशी झाली. आधी शेजारी, मग सख्खी बहीण, आणि ह्या उन्हाळ्यापासून अधूनमधून वेंडेलही. म्हणून त्याने नोकरी सोडायचं ठरवलं. हा त्याचा शेवटचा सामना. शेजारच्या आर्डिसला तिच्याजवळ बसवलं होतं; ती बिचारी कॉफी आणायला उठली, तेवढ्यात व्हर्लीन निघून गेली.

आणि वेळ तरी कुठली! पलीकडच्या गावाचा तो माजोरी संघ, वर्षानुवर्षं वेंडेलच्या पोरांना धूळ चारणारा. आज तो चार गुणांनी मागे होता, पण ओलांडली की सहा गुण मिळतात त्या रेषेपासून दोन पावलांवर येऊन ठेपला होता, आणि हाती एकच संधी उरली होती. एवढं अडवलं की सामना खिशात. अशा एका क्षणासाठी बचावाचा कोच आयुष्यभर झुरतो.

“अहो वेंडेल, पोरं थांबलीत!” मुख्य कोच कर्टिस खेकसला. वयाने तो वेंडेलच्या मुलासारखा.

वेंडेलने कानावरचा हेडफोन काढून त्याच्या हातात कोंबला. “व्हर्लीन दिसत नाही.”

“आत्ता? ह्या वेळी?”

“बाहेर हाडं गोठतायत, कर्टिस. तिचा कोट बाकावरच आहे.” मग तो मैदानाकडे वळून गरजला, “मार्सेलस! तुझं तू ठरव!”

“मी? अहो कोच...”

“इतकी वर्षं माझ्याकडे काय माश्या मारल्यास? ठरव म्हणतो ना!”

कर्टिसने पंचांना सांगून खेळ थोडा वेळ थांबवून घेतला, आणि दुखरे गुडघे घेऊन वेंडेल पळत सुटला. गाड्यांच्या मधून शोधलं, रस्त्यापर्यंत जाऊन आला. पलीकडे कापणी झालेलं मक्याचं शेत, वारा नुसता. परत येताना प्रेक्षकांच्या बाकांखालच्या कपडे धुवायच्या खोलीत त्याला दिवा दिसला.

व्हर्लीन टेबलाशी उभी राहून टॉवेलांच्या घड्या घालत होती.

“दार लावून घ्या हो, गारठा येतोय,” ती म्हणाली. “तुम्ही नवीन का?”

वेंडेलने दार लावलं. “हो. नवीनच.”

“मग धरा हे टोक. असं नाही, लांबीत धरा. आमच्या वेंडेललाही मेलं जमत नाही हे.”

“कसा आहे तुमचा वेंडेल?”

“ओरडतो फार. हरले की जेवत नाही.” ती गालातल्या गालात हसली. “त्याला मोठा कोच केलं नाही कुणी. तो बोलत नाही, पण लागलंय त्याला. मला विचाराल तर बरंच झालं. मोठे कोच आले आणि गेले. माझा राहिला.”

तेवढ्यात डोक्यावरची फळकुटं थडाथडा हादरली. वर आपलंच गाव बसलं होतं, आणि सगळं गाव एकदम नाचत होतं. छतातून धूळ झरली.

“अडवलं बघा पोरांनी!” व्हर्लीन टाळी वाजवून म्हणाली. “आता येईल तो धावत. कुणी कुठं पाय रोवला, सगळं सांगेल मला. सांगितल्याशिवाय झोप नाही यायची त्याला.”

कुणी कुठं पाय रोवला, ते वेंडेलने पाहिलंच नव्हतं. त्याने अंगातला कोट काढून तिच्या खांद्यावर घातला.

“येईलच तो,” वेंडेल म्हणाला, आणि पुढचा टॉवेल लांबीत धरला.